दोन नावांसाठी थांबलेली गाडी

मुखेडच्या बसस्टँडवर नांदेडची गाडी फलाटाला लागायच्या आधीच भरते. माणसांनी नव्हे, रुमालांनी, उपरण्यांनी, पिशव्यांनी आणि बाजाराचा दिवस असला तर एखाद्या चपलेनंसुद्धा. गाडी वळण घेत असते तोच लोक खिडक्यांबरोबर पळू लागतात, हाताला येईल ते आत फेकतात आणि मग निवांत चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहतात. हे आपण कधी केलं नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारा वाचक विरळाच. आणि या कलेत दयानंद बिरादारांचा हात धरणारा तर अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता.

दयानंदरावांचं मुखेडला खत-बियाण्यांचं दुकान होतं, गावाकडं शेती होती. माणूस बोलका आणि खटपट्या. दवाखान्यात नंबर लावायचा असो की लग्नाच्या पहिल्या पंगतीत बसायचं असो, ते आधी जागा धरत आणि मग विचार करत. लेक पुनम शिकायला लातूरला गेली तेव्हा त्यांनी दोन क्लासमध्ये तिची जागा धरून ठेवली होती. पोरगी बसली एकाच क्लासात. दुसरीकडची तिची जागा बरेच दिवस तशीच अडून राहिली आणि कुणाचं तरी पोरगं बाहेर ताटकळलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"धरून ठेवावं," ते म्हणायचे. "लागली तर आपली. न्हाई लागली तर कुणाचं काय गेलं?"

कुणाचं काय जातं, ते त्यांना नांदेडला कळायचं होतं.

पुनम युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती आणि युक्रेनवर युद्ध कोसळलं होतं. तिचं शहर पूर्वेकडचं. हॉस्टेलच्या तळघरात शेकडो पोरं-पोरी दाटीवाटीनं बसून होती, वर स्फोट होत होते आणि इकडं मुखेडला शिवकन्याबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेजारच्या देशांतून विमानं सुटत होती, पण त्या शहरातून सीमेपर्यंत जायचं कसं, हाच खरा प्रश्न होता. तो प्रश्न अंगावर घेतला होता साध्यासुध्या माणसांनी. कुणी आपली पावाची व्हॅन काढली, कुणी शाळेची बस. म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना, परदेशी पोरांना भरून ही माणसं पश्चिमेकडं नेऊन सोडत होती आणि रिकाम्या गाड्या घेऊन त्याच आगीत परत येत होती. कुणी त्यांना पाठवलं नव्हतं आणि कुणी त्यांना पगार देत नव्हतं.

त्यांच्यात आपला एक होता. देवणीचा वीरेश स्वामी. युक्रेनमध्येच शिकून डॉक्टर झालेला, तिथल्याच दवाखान्यात नोकरीला लागलेला. पहिल्या विमानानं घरी यायचं सोडून तो शाळेच्या एका बसबरोबर फिरत होता. आणि त्याच्या मदतीला नांदेडमध्ये होत्या पंचशीला सोनकांबळे, भूगोलाच्या प्राध्यापक. त्यांची मुलगी धम्मप्रिया त्याच शहरात, दुसऱ्या हॉस्टेलात अडकली होती. पण त्या एकट्या लेकीसाठी रडत बसल्या नाहीत. त्यांनी आपल्या घराचा वरचा हॉल मोकळा केला, भिंतीवर नकाशा लावला आणि जिल्ह्या-जिल्ह्यातल्या पालकांचे फोन घ्यायला सुरुवात केली. कोणतं पोरगं कुठल्या तळघरात आहे, ते त्या वीरेशला कळवत. त्यांचा नियम एकच होता: नाव एकाच ठिकाणी लावा, आणि पोरगं दुसऱ्या गाडीत बसलं तर ताबडतोब सांगा.

दयानंदरावांनी हा नियम ऐकून मान डोलावली होती. आणि मग आपल्या पद्धतीनं कामाला लागले होते!

वीरेशच्या बसमध्ये त्यांनी पुनमचं नाव लावलं. लातूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरमार्फत चर्चच्या व्हॅनमध्ये लावलं. पुण्यातला पुतण्या सुदर्शन, त्याच्या ओळखीनं तिसऱ्या एका गाडीतही लावलं. एवढ्यानं जीव भरला नाही, म्हणून वीरेशच्या बसमध्ये पुनमच्या जोडीला आणखी एक नाव दिलं: आरती बिरादार. आरती म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. ती मुखेडलाच होती आणि बारावीच्या परीक्षेची घोकंपट्टी करत होती. तिनं युक्रेन नकाशात तरी पाहिला होता की नाही, देव जाणे.

"तिचं नाव कामून दिलंव?" शिवकन्याबाईंनी विचारलं होतं.

"अगं, दोन नावं दिली की एक तरी टिकतंय. पुनमचं कटलं तर ती आरतीच्या जागंवर बसंल. डोकं लागतंय ह्याला."

तर अशा या डोक्याचे दयानंदराव त्या दिवशी सकाळी एसटीनं नांदेडला, पंचशीलाबाईंकडं निघाले होते. गाडीतही त्यांनी तीन सीट धरल्या होत्या. एक स्वतःला, एक शिवकन्याबाईंना आणि तिसरी पिशवीला. शेजारीच गुणाबाई नावाची एक म्हातारी दांडा धरून उभी होती.

"ही जागा कुणाची हाय, लेकरा?" तिनं विचारलं.

"येऊन राहिलेत मावशी. नरसीला चढणार हायत."

नरसी आली. चढलं कुणीच नाही. गुणाबाईच तिथं गुडघे धरत उतरून गेली. शिवकन्याबाईंनी मान खाली घातली. दयानंदराव खिडकीबाहेर बघत होते.

तेवढ्यात फोन वाजला. पुनम! शिवकन्याबाईंनी फोन हिसकावूनच घेतला.

"मम्मी, व्हॅन आलीय. चर्चवाल्यांची. मी बसून राहिले बघ. लई गर्दी हाय. नंतर फोन करते."

"बसली!" शिवकन्याबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "अहो, बसली आपली पुनम!"

दयानंदरावांनी फोन घेतला. त्यांचा आवाज आनंदानं फाटला होता. "पुनम, लेकरा, कुणाला सांगू नको तू निघालीस म्हणून. कळलं का?"

"कामून, पप्पा?"

"मी मनतो म्हणून. बॉर्डर वलांडली की मग सांग सगळ्याला."

फोन बंद झाला. अख्ख्या गाडीनं ऐकलं होतं. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून हात जोडले, कंडक्टरनं पाठीवर थाप मारली. शिवकन्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, "मग आता सोनकांबळे मॅडमला सांगा की. तिकडचं नाव सोडा."

"सोडू?" दयानंदराव दचकलेच. "खुळी का काय तू? ती व्हॅन वाटंत बंद पडली तर? पोरगी बॉर्डर पार होईस्तोर एक बी जागा सोडायची न्हाई. असू दे. कुणाचं काय चाललं?"

पंचशीलाबाईंचा हॉल पालकांनी भरला होता. देवणीकडचे ग्यानोबा होते, त्यांचा मुलगा प्रेम तिकडं अडकला होता. देगलूरच्या नागम्मा होत्या, श्रीशैलची आई. त्या निम्मं मराठी, निम्मं तेलुगू बोलत आणि काळजी दोन्ही भाषांत करत. कोपऱ्यात चहाचं पातेलं. मधल्या टेबलावर पंचशीलाबाईंचा फोन, स्पीकर चालू. सगळ्यांचे कान त्या फोनला लागलेले.

"या दयानंदराव, बरोबर वेळेवर आलात," पंचशीलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते, पण चेहरा फुलला होता. "वीरेशची बस निघालीय! धम्मप्रिया बसली, आणखी बरीच लेकरं बसली. आता बस पुनमच्या हॉस्टेलकडंच चाललीय."

हॉलमध्ये आनंदाची लाट उसळली. नागम्मांनी पंचशीलाबाईंचा हात कपाळाला लावला. शिवकन्याबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. "सांगा," त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या.

"थांब जरा," दयानंदराव म्हणाले.

आणि फोनमधून वीरेशचा आवाज आला. "मॅडम, गाडी हॉस्टेलपाशी उभी हाय. ओलेनाबाई चालवून राहिल्यात. त्या शाळेत गाणं शिकवतात बघा, बस चालवायचं आत्ताच शिकल्यात. गाडीत दोनच जागा उरल्यात, पुनमची आन् आरतीची. मी तळघरात जाऊन आणतो दोघींना."

पायऱ्या उतरल्याचा आवाज, मग पोरांचा कालवा, मग नुसतीच खरखर.  पुष्कळ वेळानं वीरेश पुन्हा बोलला, तेव्हा त्याला धाप लागली होती.

"मॅडम, पुनम इथं न्हाई. कुणी मनतं सकाळपासून दिसली न्हाई, कुणी मनतं शेजारच्या बिल्डिंगीत गेली. आन् आरती… आरतीला तर कुणी वळखतच न्हाई."

"असं कसं?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"तेच तर. कुणाच्या वळखीची न्हाई म्हणजे पोरगी नवीन हाय, एकटीच कुठंतरी दबून बसली असंल. घाबरून आवाज देत नसंल. शेजारच्या बिल्डिंगीचा जिना अर्धा पडलाय. मी खाली उतरून बघतो."

त्याच वेळी फोनमधून भोंगा ऐकू आला. लांबून सुरू झालेला, चढत चढत कानात घुसणारा. हवाई हल्ल्याचा इशारा होता तो. बस उघड्या रस्त्यावर उभी होती.

ग्यानोबांना राहवलं नाही. "वीरेश, आरं लेका, माघारी फिर! गाडी रस्त्यावर हाय."

"काका, नाव दिलेलं लेकरू सोडून कसं निघायचं?" वीरेश म्हणाला. "घरी कुणीतरी वाट बघत असंल की." आणि फोन तुटला.

दयानंदरावांना वाटलं, आता सांगावं. आत्ताच! पण जीभ उचलेना. चारचौघांत शोभा होईल, ही भीती होतीच. पण तिच्याहून मोठी भीती दुसरी होती. व्हॅनमध्ये बसल्यापासून पुनमचा एकही फोन आला नव्हता. त्यांनी गुपचूप दोनदा लावून पाहिला होता, लागत नव्हता. व्हॅन कुठं होती? चालू होती का? पोरगी परत फिरली असेल तर? मग ही बस म्हणजे तिच्यासाठी उघडा राहिलेला शेवटचा दरवाजा. तो आपल्याच हातानं लावायचा? कुठल्या बापाचा हात उठेल?

"मॅडम," ग्यानोबा म्हणाले, "तुमची पोरगी बी त्या गाडीत हाय. तुमी सांगा ना गाडी काढायला. तुमचं ऐकतील."

पंचशीलाबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "वीरेश माझ्या धम्मप्रियासाठी असाच तळघरात उतरला होता. तेव्हा त्याला कुणी माघारी बोलावलं असतं तर?" मग त्या उठून दयानंदरावांजवळ आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी करू नका, दयानंदराव. तुमच्या दोन्ही लेकींना घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर दयानंदराव कदाचित गप्प बसून राहिले असते. हे मात्र त्यांना सोसलं नाही. त्यांनी तो हात दोन्ही हातांनी धरला.

"मॅडम, गाडी काढायला सांगा. पुनम तिथं न्हाई."

"म्हणजे?"

"सकाळीच गेली. दुसऱ्या व्हॅननं."

"आणि आरती?"

दयानंदरावांनी मान वर केली नाही. "आरती मुखेडला हाय. बारावीची परीक्षा हाय तिची. मी निस्तंच नाव दिलं होतं. जागा धराय."

 शिवकन्याबाईंनी तोंडाला पदर लावला. पंचशीलाबाईंनी एक क्षण त्यांच्याकडं असं पाहिलं की दयानंदरावांना जमीन दुभंगावी असं झालं. पण पुढच्याच क्षणी त्या फोनकडं धावल्या.

वीरेशचा फोन लागेना. त्यांनी लेकीला लावला.

"धम्मा, नीट ऐक. पुनम आणि आरती तिथं नाहीत. दोघी सुखरूप आहेत. वीरेशला वर बोलाव, लगेच निघा."

"आई, तो त्या पडलेल्या बिल्डिंगमध्ये उतरलाय. खाली रेंज नाही."

"ओलेनाबाईंना हॉर्न वाजवायला सांग. सोडू नको म्हणावं, दाबूनच धरायला सांग!"

धम्मप्रिया तिथल्या भाषेत काहीतरी ओरडली आणि हॉर्न सुरू झाला. नांदेडच्या त्या हॉलमध्ये तो हॉर्न घुमला, त्याच्यावर भोंग्याचा आवाज, आणि मग दूर कुठंतरी धडाम! बसमधली लहान लेकरं किंचाळली. वीरेश येत नव्हता.

"आई, त्याला ऐकू जात नाही," धम्मप्रिया म्हणाली. "मी उतरते. जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारते."

पंचशीलाबाईंचा हात टेबलाच्या कडेवर आवळला. 'नको' म्हणायला किती लागतं? सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"जा," त्या म्हणाल्या. "पळत जा आणि पळत ये."

आता फोनमध्ये फक्त हॉर्न होता. दयानंदराव होते तिथंच खाली बसले. बालाजीला, खंडोबाला, ज्या ज्या देवाचं नाव आठवलं त्याला त्यांनी हात जोडले. आणि बापजन्मात पहिल्यांदा त्यांचे हात परक्याच्या लेकीसाठी जोडलेले होते. नागम्मा जपासारखं पुटपुटत होत्या. शिवकन्याबाई पंचशीलाबाईंच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी त्यांचा पदर घट्ट धरला होता.

हॉर्न थांबला. धावती पावलं. दार आपटल्याचा आवाज.

"आलो मॅडम!" वीरेशचा आवाज! "दोघं बी आलो. पण त्या पोरी…"

"पोरी ठीक आहेत. निघा, वीरेश, निघा!"

"दोनच मिनटं. गेटापाशी एक बाई हाय, कडेवर लेकरू हाय, संगं तिची म्हातारी आई हाय. मघापासून उभ्यात. मी त्यास्नी मनलं होतं जागा न्हाई म्हणून. आता घेऊ का?"

"विचारतोस काय? घे!"

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि हॉलमधली माणसं उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी रडलं, ग्यानोबांनी तर खिडकीत जाऊन रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगितलं, "निघाली! गाडी निघाली!" खालच्या लोकांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनीही हात हलवले. नंतर समजलं की त्या बसमागं थोड्याच वेळात शहराबाहेरचा पूल बंद झाला. पुढं बरेच दिवस त्या वाटेनं कुणालाही बाहेर पडता आलं नाही.

आवाज जरा निवल्यावर पंचशीलाबाई दयानंदरावांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"का केलंत असं?"

"बाप हाय मी, मॅडम. लेकरू आगीत होतं. मला दुसरं काई दिसलंच न्हाई."

"नाव लावलंत त्याला मी काही म्हणत नाही. मीही लावलं. इथं बसलेल्या सगळ्यांनी लावलं. पण लेक गाडीत बसल्यावर जे धरून ठेवलंत, ते तिच्यासाठी नव्हतं, दयानंदराव. ती तुमची सवय होती. आपल्या सगळ्यांचीच आहे. एसटीत रुमाल टाकला की गाडी काही रुमालासाठी थांबत नाही. फार तर एखादी म्हातारी उभी राहते आणि आपण खिडकीबाहेर बघतो."

दयानंदरावांनी चटकन नजर चुकवली. त्या सकाळच्या प्रवासाबद्दल पंचशीलाबाईंना काहीच ठाऊक नव्हतं.

"पण वीरेशसारख्या माणसाला रुमाल आणि माणूस यातला फरक करता येत नाही," त्या पुढं म्हणाल्या. "तुम्ही नाव दिलंत, म्हणजे त्याच्या लेखी तिथं एक लेकरू आहे. त्या लेकरासाठी तो पडक्या जिन्यानं खाली उतरतो. तुम्ही जागा धरली होती, तो जिवावर उदार होऊन शोधत होता. आणि गेटावर ती बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. तिला जागा नाही म्हणून सांगितलं होतं. जागा होती ना?"

"व्हती," दयानंदराव म्हणाले. "माझ्यापाशी व्हती."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत पुण्याला सुदर्शनला लावला. "सुदर्शन, त्या गाडीतलं पुनमचं नाव काढ. आत्ताच कळव त्यास्नी."

"काका, पुनम पोचली का?"

"न्हाई. फोन बी लागंना."

"मग सोडता कशाला? राहू द्या की."

दयानंदराव म्हणाले, "ती तिथं न्हाई म्हणून सोडायचं, बाबा. जे तिथं हायत त्यास्नी बसू दे."

फोन ठेवला तसे ग्यानोबा खाकरले. मोठा धीर करून म्हणाले, "मॅडम, प्रेमचं नाव मी बी दोन ठिकाणी लावून ठेवलंय. कालच्याला पोरगं रेल्वेत बसलं. सांगायचं राहिलं… म्हणजे राहिलं न्हाई, सांगितलंच न्हाई."

"अय्यो, माझ्या श्रीशैलचं तीन ठिकाणी हाय," नागम्मा म्हणाल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

मग काय विचारता! बंधारा फुटावा तसं झालं. भिंतीला टेकलेला एक जण पुढं आला, मग दुसरा. माझं एक सोडा, माझी दोन सोडा! पंचशीलाबाई आणि शिवकन्याबाई दोन फोन घेऊन बसल्या, दयानंदरावांनी तिसरा घेतला. इकडून मोकळी झालेली जागा तिकडं कळवली जात होती आणि तिकडून पोरांचे आवाज येत होते, "काकू, आम्हाला गाडी मिळाली!" बिलोलीकडच्या दोन बहिणींचं नाव कुठंच लागलं नव्हतं, कारण त्यांच्या आईबापाची कुणाशी ओळख नव्हती. त्या पोरी दुपार कलताना गाडीत बसल्या. त्यांच्या बापाचा फोन आला तेव्हा तो माणूस बोलूच शकला नाही. दयानंदरावही नाही. दोघांनी नुसता एकमेकांचा श्वास ऐकला.

पुनमचा पत्ता मात्र नव्हता. शिवकन्याबाई प्रत्येक फोनला दचकत होत्या. दयानंदराव दुसऱ्यांच्या लेकरांची चौकशी करत होते. आपण शेवटचा दरवाजा लावला, हा काटा आत सलत होताच. तो सलायचा थांबला नाही, पण त्यांनी फोनही खाली ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं उतरताना परदेशातला एक अनोळखी नंबर आला.

"पप्पा, मी पोलंडात हाय."

शिवकन्याबाईंनी हुंदका दिला.  दयानंदरावांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण सगळा हॉलच उठून जवळ आला होता.

"व्हॅन मधीच बंद पडली, पप्पा. लई थंडी. मोबाईल बी बंद पडला. आमी चालत एका स्टेशनावर गेलो. रेल्वे एवढी भरलेली, पाय ठेवायला जागा न्हाई. माझं नाव कुठंच न्हवतं. मला वाटलं, संपलं सगळं. मग दारातल्या एका बाईनं आपली सुटकेस उचलली आन् खाली फलाटावर टाकून दिली. तिच्या घरातनं तेवढीच आणली होती तिनं. आन् त्या जागंवर मला वढून घेतलं."

"कोण होती गं?"

"काय म्हाईत, पप्पा. तिनं माझं नाव सुदिक इचारलं न्हाई."

दयानंदराव रडले. भर हॉलमध्ये, बाईमाणसांसमोर, लहान मुलासारखे हमसून रडले आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. एकीकडं ते, ज्यांनी गरज नसलेल्या जागा मुठीत धरून ठेवल्या. आणि दुसरीकडं ती परकी बाई, जिनं घरदार गेल्यावर उरलेली एकमेव वस्तू फेकून त्यांच्या लेकीला जागा करून दिली!

तरीही ते मुखेडला परतले नाहीत. दुकान भावावर सोपवलं आणि शेवटचं लेकरू सीमेपार होईपर्यंत पंचशीलाबाईंच्या हॉलमध्ये फोन घेत राहिले. जो माणूस तीन तीन जागा धरायचा, तोच आता प्रत्येक आईबापाला पहिला प्रश्न विचारायचा, "पोरगं बसलं का? मग दुसरीकडचं नाव सोडलं का?" लोक चुळबुळत. कोण कुठं लपवाछपवी करतं, ते दयानंदरावांइतकं कुणाला ठाऊक असणार?

एकदा लातूरच्या एका बड्या गृहस्थांचा फोन आला. "मुलगा रेल्वेत बसलाय आमचा," ते म्हणाले, "पण तुमच्याकडचं नाव राहू द्या. असलेलं बरं. कुणाचं काय जातंय?"

दयानंदराव अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या नावापायी एक पोरगा जिना उतरून तळघरात जातोय. तुमचा पोरगा तिथं न्हाई, हे त्याला म्हाईत न्हाई. सांगू का त्याला?"

 "सांगा," ते गृहस्थ म्हणाले.

वाचकहो, आपल्या लेकरासाठी धडपडणं हा काही दोष नव्हे. ती माया आहे आणि मायेपायी माणूस वेडा होतोच. पण आपलं काम झाल्यावरही जे आपण अडवून ठेवतो, मग ती दवाखान्यातली खाट असो, वर्गातली जागा असो की युद्धातून निघालेली गाडी असो, ते कुणाचं तरी हक्काचं असतं. तो कुणीतरी आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण खुशाल म्हणतो की कुणाचं काय जातं. तो असतो. कडेवर लेकरू घेऊन गेटाशी उभा असतो. तेव्हा आपलं भागलं की लगेच सांगावं, माझं झालं, आता दुसऱ्याला घ्या. एवढं बोलायला कष्ट पडत नाहीत, आणि तेवढ्या बोलण्यावर कुणाचं तरी माणूस जिवंत घरी पोचतं.